सासूबाईंच्या किटलीचा सांधा

किटलीची तोटी मी तोडली, असं आमच्या घरात आजही म्हटलं जातं. वस्तुस्थिती एवढीच, की मी किटली घासत होतो, आणि घासता घासता किटली ओट्यावर राहिली व तोटी माझ्या हातात आली. यात ‘तोडणं’ हे क्रियापद कुठे बसतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण बायकोने ते बसवलं आणि ते बसलं.

किटली सासूबाईंची. तांब्याची, गोल पोटाची, वीस कप चहा सहज मावेल अशी. सासूबाईंनी एका कारखान्याच्या फाटकाशी सव्वीस वर्षं कँटीन चालवलं, ते या किटलीच्या जिवावर. कँटीन बंद केलं तेव्हा त्यांनी टेबलं देऊन टाकली, बाकडी देऊन टाकली, एवढंच काय, पाटीसुद्धा देऊन टाकली. किटली तेवढी मांडीवर घेऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या. आता घरात माणसं तीन, पण दुपारी चारचा चहा त्या किटलीतच होतो. तीन कप चहा त्या किटलीच्या तळाशी नुसता पसरून राहतो. तरी पातेल्यात चहा करू म्हणायची आमची छाती नाही.

सासूबाई पंधरा दिवसांसाठी थोरल्या मुलीकडे गेल्या, आणि सोमवारी सकाळी माझ्या मनात आलं, की त्या परत येतील तेव्हा किटली लखलखीत करून समोर ठेवावी. सासूसाठी आपण होऊन काहीतरी करावं ही भावना जावयाच्या मनात आयुष्यात एकदा-दोनदाच येते. ती आली की आधी ग्लासभर पाणी पिऊन थोडा वेळ आडवं पडावं, असा माझा आता सल्ला आहे. मी पडलो नाही. मी तोटीला धरून किटलीचं पोट घासायला घेतलं, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

“दुकानात देऊन या,” बायको म्हणाली.

हे वाक्य तिने दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला म्हटलं असतं तर चाललं असतं. मी धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मुख्य लिपिक आहे. लोक आपापले सांधे आमच्याकडे पाठवतात. आमची माणसं ते ओढून बघतात, वाकवून बघतात, कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, आणि मग मी अहवाल तयार करतो. एकवीस वर्षांत ‘सांधा’ हा शब्द मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिला असेल. हातात सोल्डरिंगचं हत्यार कधी धरलं नव्हतं, हे खरं. पण सांधा कशाने निकामी होतो याच्या साडेतीनशे तऱ्हा मला पाठ होत्या, आणि त्या सगळ्या टाकल्या की जे उरेल तो चांगला सांधा, असा माझा सरळ हिशेब होता.

आमच्या वरच्या मजल्यावर रेडिओकाका राहतात. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता लोकांना सल्ला देतात. त्यांनी सोल्डरिंगचं हत्यार, कथलाच्या तारेचं रीळ आणि पिवळट पेस्टची डबी दिली, आणि म्हणाले, “मी या हत्याराने तीस वर्षं काम केलं. काही नाही, टेकवायचं आणि तार लावायची.”

मी टेकवलं आणि तार लावली. तार वितळली, थेंब पडला, थेंबावर थेंब पडला, आणि तोटीभोवती शेंबडासारखा एक राखाडी गोळा तयार झाला. दिसायला वाईट होता, पण तोटी उभी होती. मी किटली नळाखाली धरली. अर्धी भरेपर्यंत सगळं ठीक होतं. मग तोटीने शांतपणे मान टाकली आणि सिंकमध्ये जाऊन पडली.

कारण मला माहीत होतं, हेच जास्त झोंबलं. रेडिओकाकांच्या हत्याराची ऊब रेडिओतल्या बारीक तारेला पुरते. एवढं मोठं तांब्याचं पोट ती ऊब एका घोटात पिऊन टाकतं. कथील वितळतं, पण धातू गार तो गारच, आणि गार धातूला कथील चिकटत नाही, नुसतं टेकून बसतं. आमच्या अहवालांत याला ‘अपुऱ्या तापमानाचा सांधा’ म्हणतात. हे शब्द मी आजवर किती लोकांना कळवले असतील. ते वाचून कसं वाटतं, ते त्या दिवशी सिंकपाशी कळलं.

मंगळवारी मी पद्धतशीर लागलो. जुना गोळा काढला, तांबं पॉलिश पेपरने गुलाबी होईस्तोवर घासलं, पेस्ट लावली, किटली मंद गॅसवर ठेवून आधी सगळं अंग तापवलं आणि मगच तार लावली. आणि काय सांगू, कथील पाण्यासारखं पातळ होऊन सांध्यात आपसूक शिरलं. गार झाल्यावर चांदीच्या तारेसारखी चकचकीत कड दिसायला लागली. पाणी भरलं, थेंब गळला नाही. उलटी केली, हलवली, तोटी जागची हलली नाही. मी बायकोला हाक मारली आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

तिने सांधा नीट पाहिला. “छान झालाय,” म्हणाली. मग म्हणाली, “हे रेडिओचं कथील ना? यात शिसं असतं ना?”

मी मागे बांधलेले हात सोडले.

“तुम्हीच मागे त्या भांडीवाल्याला समजावत होतात. शिसं पोटात जाणं कसं वाईट, यावर अर्धा तास. मागे रांग लागली होती.”

ती रांग मलाही आठवली. ज्या किटलीतून आख्ख्या कारखान्याने सव्वीस वर्षं चहा प्यायला, तिच्यातून मी सासूबाईंना शिसं पाजणार नव्हतो. माझ्या आयुष्यातला पहिला चांगला सांधा मी माझ्याच हाताने तापवून सोडवला. त्या वेळचे माझे हावभाव बायकोने पाहिले असावेत. तिने न सांगता चहा केला. पातेल्यात.

हार्डवेअरवाल्याकडे बिनशिशाचं कथील मिळालं. तो म्हणाला, “याला ताव जास्त लागतो. गॅसची बत्ती घेऊन जा.” मी हात-दोन हात लांब ज्योत सोडणारी बत्ती घेऊन बिल्डिंगमध्ये शिरलो आणि जिन्यातच सोसायटीचे सेक्रेटरी भेटले.

सेक्रेटरी म्हणाले, “बाल्कनीत ज्योत लावायची तर लेखी अर्ज लागेल.”

अर्जाचं ऐकून मला उलट बरं वाटलं. माझा तो प्रांतच आहे. मी दहा मिनिटांत सुवाच्य अक्षरात अर्ज दिला. संध्याकाळी तो परत आला. शेरा होता: ‘कामाचे स्वरूप स्पष्ट नाही.’ मी ‘किटली दुरुस्ती’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘तांब्याच्या किटलीस तोटी जोडणे’ असं लिहिलं. बुधवारी पुन्हा परत: ‘किटल्यांची संख्या नमूद करावी.’ मी ‘एक’ लिहिलं. मग ते स्वतःच आले आणि म्हणाले, “अक्षरी पण लिहा. आकड्यात फेरफार होऊ शकतो.”

“मी अक्षरीच लिहिलंय,” मी म्हणालो.

“मग आकड्यात लिहा.”

गुरुवारी परवानगी मिळाली, सोबत वाळूची एक बादली. बाल्कनीत मी बत्ती पेटवली तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या चार बाल्कन्यांत माणसं उभी होती, आणि वरून रेडिओकाका ओणवे झाले होते.

“जवळ धरा,” ते म्हणाले.

“लांब धरा,” समोरून कोणीतरी म्हणालं.

मी मधोमध धरली. पेस्ट क्षणात काळी पडली. कथलाचे मणी झाले आणि मोत्यांसारखे गडगडत खाली गेले. पेस्ट जळली की धातूवर काळी साय धरते आणि मग कितीही कथील ओता, ते सांध्याला शिवत नाही. हेही मला माहीत होतं. पण चार बाल्कन्या बघत असताना माणूस ज्ञानाप्रमाणे वागत नाही. मी ज्योत वाढवली.

आधी मूठ पडली. मूठही कथलानेच जोडलेली आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ती उचलायला वाकलो, तेवढ्यात तळ पडला. पूर्ण गोल, एकसंध, थाळीसारखा वाजत तो बादलीशी जाऊन टेकला. समोरच्या बाल्कनीतून कोणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं. एक बाई हळूच आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

सकाळपर्यंत, तोटी सुटलेली का होईना, किटली नावाची एक वस्तू होती. आता माझ्यापुढे पोट, तळ, मूठ आणि तोटी अशा चार वस्तू होत्या, आणि परवानगी फक्त एकीची होती.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. बायकोने “हो, सगळं बरं आहे,” म्हणून फोन माझ्याकडे दिला.

“चहा कशात करता?” त्यांनी विचारलं.

“पातेल्यात.”

“बरं. किटलीलाही जरा विश्रांती.”

“हो,” मी म्हणालो. “ती अगदी हातपाय पसरून पडलीय.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

शुक्रवारी रेडिओकाका खाली आले आणि स्वतःहून म्हणाले, “हे काम माझ्या हत्याराचं नाही. फ्रिजताईंकडे जा.”

फ्रिजताईंचं दुकान रस्त्याच्या टोकाला. फ्रिज आणि एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे आमची प्रयोगशाळा सोडून. आमच्याकडे मान्यताप्राप्त कारागिरांची एक यादी असते. तिच्यासाठी फ्रिजताईंनी तीन वेळा अर्ज केला होता आणि तो तिन्ही वेळा माझ्या सहीने परत गेला होता. शेवटच्या वेळी ‘दोन भागांतील फट’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘वहीच्या कागदाएवढी’. मी शेरा मारला होता: ‘माप मिलिमीटरमध्ये द्यावे.’

मी दुकानात जाऊन चारही तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. ताईंनी चष्मा खाली ओढून ते पाहिले, मग मला पाहिलं.

“साहेब, प्रयोगशाळेतले ते तुम्हीच ना? सहीच्या शेवटी लांब शेपूट काढता.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“हे कोणी केलं?”

“मीच.”

त्यांनी तोटी उचलून कडेवरून नख फिरवलं. मला वाटलं, आता त्या शेरा मारणार. पण त्या म्हणाल्या, “बसा. चिमट्याने धरून कानस मारता येते का?”

“शिकेन.”

“याला कथील पुन्हा नको. गॅसवर रिकामी राहिली की पुन्हा सुटेल. आपण चांदीच्या काडीने ब्रेझिंग करू, म्हणजे तांबं लाल होईस्तोवर तापवून जोडू. मग चूल पेटवून वर ठेवली तरी सुटायची नाही. पण जुनं कथील कणभरसुद्धा राहता कामा नये. ते काडीत मिसळलं तर सांधा वरून देखणा आणि आतून बिस्किटासारखा. दिवसभर घासावं लागेल, आणि मला तेवढा वेळ नाही.”

मग शनिवार-रविवार मी त्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून घासत होतो. येणारी गिऱ्हाइकं मला नवीन माणूस समजून फ्रिजच्या तक्रारी सांगत होती. एका आजोबांना मी दार नीट लावत जा असं सांगितलं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन आभार मानले. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझे आभार मानायला कोणी दुसऱ्या दिवशी आलं नव्हतं.

सोमवारपासून मी ऑफिस सुटल्यावर जायला लागलो. ताईंनी लगेच किटलीला हात लावू दिला नाही. तांब्याच्या पट्ट्यांचे तुकडे दिले. “आधी यावर. एकावर एक ठेवायचे. मध्ये फट किती?”

“किती?”

त्यांनी वहीतला एक कागद फाडला, दोन पट्ट्यांमध्ये सरकवला, ओढून बघितला. जरासा अडत निघाला. “एवढी. यापेक्षा जास्त असली तर काडी आत ओढली जात नाही, खालून गळून जाते. कमी असली तर आत शिरतच नाही. काडीला ज्योत दाखवायची नाही, साहेब. तांब्याला दाखवायची. तांबं तापलं की ते स्वतः काडी मागून घेतं.”

पहिल्या पट्टीला मी ज्योत कमी दिली. काडी ढेकळासारखी वर बसली. दुसरीला जास्त दिली. पट्टीचा कोपराच वितळून गेला. तिसरीत एकाच बाजूला तापवलं, तर काडी सगळी त्या बाजूला पळाली. ताई प्रत्येक पट्टी शिकंज्यात धरून हातोडा मारायच्या, सांधा उलगडायचा, आणि आतली अर्धी कोरडी जागा मला बोटाने दाखवायच्या. मी चार दिवसांत अकरा पट्ट्या उलगडलेल्या पाहिल्या. बाराव्या वेळी तांबं मंद लाल झालं, मी काडी टेकवली, आणि ती एका कडेने आत गेली व दुसऱ्या कडेने बारीक रेघ होऊन बाहेर आली. हातोडा बसला तेव्हा पट्टी वाकली. सांधा तसाच राहिला.

“आता जमतंय,” ताई म्हणाल्या आणि फ्रिजकडे वळल्या. मी ती पट्टी खिशात टाकली.

शुक्रवारी मी ती ऑफिसात नेली. ओढून बघायच्या यंत्रावरच्या गृहस्थांना म्हणालो, “जरा खासगी काम आहे.” त्यांनी पट्टी जबड्यात अडकवली. काटा चढत गेला. तांबं आधी लांबलं, मग कमरेत बारीक झालं, आणि तुटलं. सांध्यापासून दोन बोटं दूर.

“सांधा पक्का आहे,” गृहस्थ म्हणाले. “तांबंच हरलं. तापवल्याने मऊ पडलं असणार. कोणाचा नमुना?”

“माझा,” मी म्हणालो. त्यांना ते ऐकू गेलं नसावं असं वाटून मी पुन्हा म्हणालो.

मग मी वहीचा कागद काढला आणि जाडी मोजायच्या उपकरणात धरला. शून्य पूर्णांक शून्य नऊ मिलिमीटर. आमच्या पुस्तकात चांदीच्या काडीसाठी जी फट छापली आहे, तिच्या बरोबर मध्यावर. ताईंनी माप अचूक दिलं होतं. मीच ते वाचू शकलो नव्हतो. कोरा अर्ज घेऊन मी संध्याकाळी दुकानात गेलो आणि तो माझ्या अक्षरात भरला. ताईंनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“या वेळी परत आला तर?” त्यांनी विचारलं.

“तर मी स्वतः परत घेऊन येईन, आणि इथेच बसून दुरुस्त करीन.”

त्यांनी सही केली. त्यांच्या सहीला शेपूट नव्हतं.

शनिवारी दुपारी किटली जोडायला घेतली. तळ ताईंनी लावला, मूठ ताईंनी लावली. तोटीच्या वेळी त्यांनी काडी माझ्या हातात दिली. “ज्योत मी फिरवते. एका हाताने चिमट्यात तोटी धरा, दुसऱ्याने काडी. गोठेपर्यंत हलायचं नाही.”

ज्योत गोल फिरत होती, तांबं मंद लाल झालं, काडी आत शिरली. तोटीभोवती एक झळझळीत कडं फिरून आलं. इतकं सुंदर दृश्य मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

“आता हलू नका,” ताई म्हणाल्या.

आणि मी मान हलवून हो म्हणालो.

मी मान हलवतो तेव्हा मनापासून हलवतो, खांद्यासकट. तोटी डावीकडे झुकली. ताईंनी ज्योत नुकतीच दूर केली होती. त्या ओरडल्या नाहीत, मी पुन्हा श्वास घेईपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. सगळं गार झाल्यावर त्यांनी पाणी भरून पाहिलं, टिचकी मारून पाहिलं.

“काडी अजून पातळ होती म्हणून वाचलात. गोठताना हलला असतात तर आतून तडा गेला असता. सांधा चांगला आहे. वाकडा आहे, पण चांगला आहे.”

“सरळ करता येईल का?”

“येईल. पण तांबं आधीच मऊ पडलंय. आणखी एक ताव दिला तर पोट बसेल. राहू द्या.”

रविवारी सासूबाई आल्या. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, आणि चार वाजता ओट्यापाशी गेल्या. मी आणि बायको दारात उभे. किटली लखलखत होती, यात वाद नाही. त्यांनी ती उचलली, तोटी पाहिली, तळ पाहिला, मूठ पाहिली. तिन्ही ठिकाणच्या चंदेरी रेघांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळल्या.

मी सगळं सांगितलं. घासणं, शिसं, बाल्कनी, तळ, फ्रिजताई, काहीही न लपवता. बायकोने मध्ये दोनदा दुरुस्ती केली. सासूबाईंनी ऐकत ऐकत नेहमीपेक्षा जरा जास्त चहा चढवला, उतरवला, आणि तीन कप मांडून ओतायला घेतला.

चहाची धार सरळ कपाच्या डाव्या बाजूने ओट्यावर गेली.

सासूबाईंनी फडक्याने ओटा पुसला. किटली पुन्हा उचलली, मनगट जरासं आत वळवलं, कोपर वर घेतलं, आणि धार कपात पडली. दुसरा कप भरला. तिसरा भरला. ओट्यावर एक थेंब नाही.

“घे बघू, तू ओत,” त्या बायकोला म्हणाल्या. बायकोने उरलेला चहा पेल्यात ओतायला घेतला आणि तो खिडकीच्या दिशेने गेला. मी प्रयत्न केला. माझा बाहीत गेला.

सासूबाईंनी किटली काढून घेतली आणि स्वतःजवळ ठेवली. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी कँटीन बंद झाल्यापासून पाहिला नव्हता.

“कँटीनमध्ये जो तो उठायचा आणि माझ्या किटलीतून ओतून घ्यायचा,” त्या म्हणाल्या. “सव्वीस वर्षं ओरडले, कोणी ऐकलं नाही. बरं केलंत जावईबापू. आता कोणाची टाप आहे हात लावायची.”

आणि बाहीतून चहा गळत असलेल्या मला त्यांनी, न विचारता, दुसरा कप भरून दिला.